मागच्या ढिगातला दोर

ता. ६ मार्च

आमदारसाहेबांस,

फोन करून थकले. दर वेळी तुमचा चिटणीस उचलतो आणि "साहेब बैठकीत आहेत, वहिनी" म्हणतो. एवढ्या बैठका करून उभं काय राहतं ते एकदा बघायला मिळालं तर बरं होईल. म्हणून लिहितेय. माझं शिक्षण चौथीपर्यंत, अक्षर कसं आहे ते तुम्हाला माहीत आहे, तेव्हा चष्मा लावून सावकाश वाचा. चिटणिसाला वाचायला देऊ नका. दिलंत तरी माझं काही जात नाही, लाजायचं तुम्हाला आहे.

रंगारी पडला. तुम्हाला कळलंय हे नक्की, कारण तुमच्या नावानं दवाखान्यात फळांची टोपली आली आणि टोपलीच्या मागून फोटो काढणारा आला. रंगारी तेव्हा शुद्धीवर नव्हता. चिटणिसानं त्याच्या उशाशी टोपली धरली, हसला, फोटो झाला, आणि दोघं निघून गेले. टोपली मात्र ठेवून गेले, तेवढं बरं केलं.

तीन तारखेला सकाळी नऊच्या सुमारास झालं. पाण्याच्या टाकीवर तुमचं नाव रंगवत होता. टाकी तुम्ही बांधलेली नाही, तुमच्या आधीच्यानं बांधली, पण नाव तुमचं घालायचं म्हणून तुम्ही निघालात. माणसाच्या उंचीची अक्षरं. फळीच्या पाळण्यात बसला होता, दोन्हीकडून दोर. डावीकडचा दोर तुटला. तीन मजले खाली आला. खाली वाळूचा ढीग होता म्हणून जीव राहिला. डॉक्टर म्हणाला, पाय आहेत, पण ते आता त्याचं ऐकणार नाहीत. घरी बायको आणि दोन मुली.

नावाचं विचाराल म्हणून सांगते. "आपले लाडके आमदार" एवढं झालंय. पुढे नाव सुरू करायच्या जागेवर पांढऱ्या रंगाचा एक लांब ओघळ आहे, पार खालपर्यंत. बाजाराला येणारा प्रत्येक माणूस मान वर करून बघतो आणि हसावं की नाही ते त्याला ठरवता येत नाही.

दोर आपल्या दुकानातला होता. म्हणजे माझ्या. चार वर्षांपूर्वी निवडून आल्याबरोबर तुम्ही म्हणालात, आमदाराला दोरीच्या दुकानात बसलेलं शोभत नाही, कागद तुझ्या नावावर करतो. मला वाटलं, बायकोला मान दिला. दोन दिवस मी तोऱ्यातही होते.

काल कचेरीतून चौकशीचा साहेब आला होता. मान खाली घालून लिहिणारा माणूस आहे, फार बोलत नाही. म्हणाला, दोर कुणी काढून दिला? मी म्हणाले, मापाऱ्यानं. मापारी तिथंच होता. तीस वर्षं आपल्या काट्यावर उभा राहिलेला माणूस, पण त्यानं वर बघितलं नाही. साहेबानं चोवीस तारीख दिलीय. त्या दिवशी मला शपथेवर सांगायचंय की दोर कुणाचा, कसा होता, आणि रंगारी कसा पडला. त्याच्यावर सगळं ठरणार.

तुम्ही या. दवाखान्यात जा. फोटोवाल्याला घरी ठेवून जा. दुसरं काही मागत नाही.

दुकानातून,
तुमची बायको


ता. ११ मार्च

आमदारसाहेबांस,

तुम्ही आला नाहीत, कागद आला.

तुमचा चिटणीस काल दुपारी दुकानात उतरला. बसायला दोराचं वेटोळं पुढे केलं तर आधी रुमाल अंथरला. दोरीच्या जिवावर ज्याचा पगार निघतो त्याला दोरीवर बसायची शिसारी. हा माणूस तुम्ही कुठून शोधलात? बोलतो असा की तेलाच्या बुधलीला तोंड फुटलंय.

"वहिनी, फक्त इथं सही. बाकी सगळं टाइप केलेलं आहे."

"काय लिहिलंय?"

"काही विशेष नाही. नेहमीचंच."

"नेहमी माणसं पडतात का?"

हसला. मी कागद घेतला आणि बोट ठेवून वाचायला लागले. त्याला दोन चहा पाजावे लागले तेवढा वेळ लागला. "सदर इसमाने स्वतःचा जुना दोर वापरला असून घटनेच्या वेळी तो मद्यधुंद अवस्थेत होता." मद्यधुंद मला दोनदा वाचावं लागलं.

"म्हणजे दारू प्यालेला?"

"तसंच काहीसं."

"सकाळी नऊला?"

"पिणाऱ्याला घड्याळ नसतं, वहिनी."

"तुम्ही बघितलंत?"

"साहेबांनी सांगितलंय."

"साहेब टाकीखाली उभे होते?"

मग त्यानं कप खाली ठेवला आणि आवाज बदलला. तेल जरा गरम झालं. "साहेब म्हणाले, वहिनींना नीट समजावून सांग. दुकान वहिनींच्या नावावर आहे. दोर दुकानातला ठरला तर वहिनी अडकतील. साहेब यात कुठेच येत नाहीत."

म्हणजे तो मान हा होता तर. चार वर्षं लागली मला कळायला, पण कळलं.

जाताना तुमची पुस्तिका ठेवून गेला, नवीन छापलेली. "सामान्य कुटुंबात जन्मलेला, शून्यातून उभा राहिलेला व्यापारी, जनतेच्या हाकेला धावून येणारा लोकनेता." आता बाहेरचे लोक वाचतील आणि मान डोलावतील. मी इथं सत्तावीस वर्षं बसलेय. शून्य कुठलं? मामंजींनी दोरीचं दुकान, गोदाम आणि वरच्या तीन खोल्या तुमच्या हातात दिल्या. आयत्या बिळावर नागोबा, आणि वर फणा काढून म्हणतो, बीळ मी खोदलं.

तुमच्या अंगात एकच गुण होता. तुम्ही कुणालाच नाही म्हटलं नाहीत. माल नसला तरी "उद्या येतोय". गिऱ्हाईक चार उद्या खेटे घालायचं आणि शेवटी असेल तो दोर घेऊन जायचं. तिन्ही पक्षांच्या सभांचे मांडव आपल्याच दोरानं बांधले जायचे आणि तिन्ही पक्षांना तुम्ही "मी तुमचाच" म्हणायचात. व्यापारी मंडळाचे अध्यक्ष झालात तेही तसंच, नगरसेवक झालात तेही तसंच. पुढे तिकिटावरून दोन पुढाऱ्यांची जुंपली. एकाला दुसरा नको, दुसऱ्याला पहिला नको. भांडून दमले, वर बघितलं, तर दोघांच्याही डोक्यावरचा मांडव तुमचा. म्हणून तुम्ही. यात जनतेनं हाक कधी मारली ते मला ऐकू आलं नाही.

आणि चार वर्षांत सभागृहात तुम्ही एकदाच तोंड उघडलंत, पंखा बंद करा म्हणून. ते पेपरात आलं होतं. मी कात्रण ठेवलंय, पुस्तिकेत घालायचं असेल तर कळवा.

कागद काट्याखाली ठेवलाय. सही केलेली नाही. नाही असंही म्हटलेलं नाही. तुमच्याबरोबर राहून तेवढं तरी शिकले.

तुमची बायको, कागदोपत्री मालकीण


ता. १३ मार्च

सही झाली का विचारायला चिटणिसाचे तीन फोन आले. तुमचा एकही नाही. एवढंच कळवायचं होतं.


ता. १६ मार्च

तुम्हांस,

आज साहेब लिहीत नाही. हात धजत नाही.

रंगाऱ्याची बायको आली होती. लोकांच्या कपड्यांना इस्त्री करते, तिची बोटं भाजून भाजून कडक झालीत. पायरीवर उभी राहिली, आत या म्हटलं तरी आली नाही. मला वाटलं आता काहीतरी मागणार, म्हणून मी दुकानातलं तोंड तयार करून बसले. तुम्हाला माहीत आहे ते तोंड.

"मालकीणबाई, एक विचारायचं होतं."

"विचार."

"ते प्याले होते का?"

"मला काय विचारतेस? नवरा तुझा."

"मी सकाळी डबा दिला तेव्हा नव्हते. पण सगळं गाव म्हणतंय. दवाखान्यातली नर्ससुद्धा म्हणते, कुणी साहेबाचा माणूस सांगून गेला म्हणे. मोठीला शाळेत मुली बेवड्याची म्हणतात. काल मी त्यांनाच विचारलं."

"मग? काय म्हणाला?"

"काय म्हणणार? त्या सकाळचं त्यांना काही आठवत नाही. घरातून निघाल्याचंसुद्धा नाही. भिंतीकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, सगळेच म्हणतायत तर प्यालो असेन." तिनं चौकट धरली. "आठ वर्षं झाली सोडून. आता त्यांचा त्यांच्यावरच भरवसा राहिला नाही, मालकीणबाई. पायाचं एक वेळ सोसतील. हे नाही सोसत त्यांना."

मी वेटोळी सारखी करत होते. केलेलीच पुन्हा करत होते.

"दोर तुमच्याकडचा होता ना?" तिनं विचारलं.

"मापाऱ्यानं दिला. कुठला दिला ते मला काय माहीत?"

तिनं मान हलवली, पदर सारखा केला आणि गेली. भांडली असती तर मला सोपं झालं असतं. भांडायला मी कुणाला ऐकणारी नाही.

आता तुम्हाला खरं लिहिते. चौकशीवाल्याला सांगितलं ते खोटं. तिला सांगितलं तेही खोटं. मापाऱ्यानं नाही, मी दिला.

लग्न होऊन आले त्याच्या तिसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या हातात झारी दिलीत. मला वाटलं घरात बाग आहे. तुम्ही गोदामात नेलंत आणि म्हणालात, दोर वजनावर विकतात आणि पाणी फुकट मिळतं. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी मी दोरांवर पाणी शिंपडत आले. फार नाही, हाताला ओल लागू नये इतकंच. शिकायला मला चार दिवस लागले. तुम्ही खूश होऊन आईंना म्हणालात, हिचा हात हलका आहे. सत्तावीस वर्षांतलं तुमचं कौतुक ते एकच, म्हणून लक्षात आहे.

दोराला पाणी मुरलं की तो आतून कुजतो. वरून पिवळाधमक, पीळ उकलून बघा तर पेडाच्या आत राखेसारखं करडं आणि आंबूस वास. लोक गुरं बांधायचे, खाटा विणायचे, गाठोडी आवळायचे. तुटला तर दुसरा नेतील. गाठोडं सुटून कुणी मेलेलं मी ऐकलं नाही, म्हणून कधी विचारही केला नाही.

फारच कुजला तर मागच्या ढिगात टाकायचा, आणि तो ढीग फुकट्यांसाठी. हा नियमही तुमचाच. शाळेच्या रस्सीखेचीला दोर हवा, मागचा दे. कुणाच्या सभेला फुकट हवा, मागचा दे. जो पैसे मोजत नाही त्यानं दोर मोजू नये, असं तुम्ही म्हणायचात आणि मापारी हसायचा.

दोन तारखेला संध्याकाळी चिटणिसाचा फोन आला. साहेबांचं नाव रंगवायचंय, दोन दोर काढून ठेवा, बिल करू नका. मी मापाऱ्याला सांगितलं. तो पुढच्या ढिगाकडे गेला आणि म्हणाला, "पुढचाच काढतो, मालकीणबाई. माणूस लटकणार आहे." मी मान वर न करता म्हणाले, "फुकट आहे. मागचा दे." तो उभाच राहिला, म्हणून बोटही दाखवलं. मग त्यानं काढला. तीस वर्षं ज्यानं आपलं ऐकलं त्यानं त्या दिवशीच का ऐकलं नसतं?

आणि नुसती सवय होती असं म्हणून मी सुटणार नाही. मनात दुसरंही होतं. एवढं मोठं नाव, गावाच्या डोक्यावर, आणि त्याला माझा चांगला दोर कशाला, असं आलं होतं मनात. तुमच्या नावाला कुजका दोर पुरे. दोराला नाव लटकत नाही, माणूस लटकतो, हे मात्र नाही आलं.

तुमचा राग मी त्या माणसावर काढला. लिहून टाकलं. आता तुम्ही वाचा.


ता. २० मार्च

तुम्हांस,

काल येऊन गेलात त्याचं हे उत्तर. समोर सगळं बोलता आलं नाही, तुमची सहा माणसं दारात उभी होती. आपल्या वरातीतही एवढा लवाजमा नव्हता.

दोन गाड्या समजू शकते. त्यांच्यामागे ट्रक कशाला ते मला आधी कळलं नाही. तुम्ही आत आलात, मालकाची जागा सोडून गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसलात, आणि आधी काय केलंत आठवतंय? पुढचं वेटोळं ओढून अंगठ्यानं दाबून बघितलंत.

"कोरडा लागतोय. झारी बंद केलीस का?"

"केली."

"कधीपासून?"

"सोळा तारखेपासून."

"तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

माणूस दवाखान्यात मोडून पडलाय आणि तुमचा अंगठा ओल शोधतोय. खरं सांगते, त्या क्षणी मला तुमचा राग आला नाही. किळस आली. राग माणसाचा येतो.

"माझं पत्र मिळालं?" मी विचारलं.

"मिळालं. असलं कागदावर लिहायचं असतं का? जाळलं मी."

"वाचून जाळलंत की न वाचता?"

"अगं, वाचलं म्हणूनच जाळलं."

"दवाखान्यात जाणार?"

"आत्ता गेलो तर कबूल केल्यासारखं होईल."

"फळं पाठवली तेव्हा झालं नाही?"

"फळं मी सगळ्यांनाच पाठवतो."

मग तुमची माणसं गोदामात शिरली आणि मागचा ढीग उचलून ट्रकमध्ये टाकायला लागली. तेव्हा मला ट्रक कळला. वीस वर्षांचा कुजका माल अर्ध्या तासात साफ. त्याच्या जागी नायलॉनची नवी वेटोळी, चकचकीत, निळी. गोदाम एवढं स्वच्छ मी लग्न झाल्यापासून बघितलं नव्हतं. मी म्हणाले, मापाऱ्याला विचारतील. तुम्ही म्हणालात, त्याला त्याच्या मुलीकडे पाठवून दिलंय, महिनाभर इकडे फिरकत नाही. सगळं कसं नीट बांधलेलं. गाठी मारायला तुम्ही विसरला नाहीत, शाबास.

"आता एकटं तुझं तोंड राहिलं," तुम्ही म्हणालात आणि हसलात. गोड हसलात. असं हसून तुम्ही ओला दोर विकायचात.

"माझ्या तोंडानं काय म्हणायचं?"

"काही म्हणायचंच नाही. तू काय, चौथी शिकलेली. मला काही कळत नाही, मी अडाणी बाई, एवढं म्हण. सगळे विश्वास ठेवतील. वकील मी देतोय."

"आणि तो प्यालेला होता, हे?"

"ते कागदात आहे. तू नुसती सही कर."

"त्याला स्वतःला आता वाटायला लागलंय की तो प्याला होता."

"मग चांगलंच आहे की!"

हे तुम्ही म्हणालात. मी बनवून लिहीत नाही. तुमच्या मागे उभा असलेला चिटणीससुद्धा खाली बघायला लागला, आणि तो काही लाजरा माणूस नव्हे.

मग तुम्ही मला जवळ बोलावून हळू आवाजात म्हणालात, "माणूस पडला तो पडला. त्याच्यामागे आपणही उडी मारायची का? पुढच्या वेळी मंत्रिपद पक्कं आहे. शब्द मिळालाय."

"कसलं?"

"रस्ते, नाही तर पाणीपुरवठा."

"पाणीपुरवठा घ्या," मी म्हणाले. "हात बसलेला आहे."

तुम्ही उठलात. गाडीत बसताना चालकाला सांगितलंत, टाकीवरून घेऊ नको, मागच्या रस्त्यानं चल. मला ऐकू आलं. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, असं ऐकत आले होते. शेळीकडे बघायलाही न धजणारा खाणारा काल पहिल्यांदा बघितला.

चोवीस तारखेला मी काय सांगणार ते तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. सगळं सांगितलंत, विचारलं काहीच नाही.


ता. २४ मार्च

तुम्हांस,

हे शेजारच्या शिंप्याच्या टेबलावर बसून लिहितेय. दुकानाला सील लागलं. तुमची निळी वेटोळी आत आहेत, कुजणार नाहीत, काळजी नको.

तुम्हाला चिटणिसानं एव्हाना सांगितलंच असेल. तो मागच्या खुर्चीवर बसला होता. शेजारी माझा वकील, ज्याला मी आज पहिल्यांदाच बघितलं. तरी माझ्याकडून ऐका. चिटणीस सांगताना तेल लावेल.

छोटी खोली. एक टेबल, कागदांचे गठ्ठे, कोपऱ्यात टाइप करणारा. चौकशीच्या साहेबानं शपथ दिली आणि विचारलं, "दोर कुणाचा?"

"माझा."

"कुणी काढून दिला?"

"मापाऱ्यानं. पण तो चांगला काढत होता. मी म्हणाले, मागचा दे."

वकील ताडकन उठला. "साहेब, बाईंची तब्येत काही दिवसांपासून—"

"माझी तब्येत बरी आहे. तुम्ही बसा," मी म्हणाले. "तुम्ही मला ओळखतही नाही."

साहेब हसला नाही, पण त्यानं वकिलाला हातानं बसवलं. मग मी सगळं सांगितलं. झारी, मागचा ढीग, फुकट्यांचा नियम, तुमचा ट्रक, मापाऱ्याला कुठे पाठवलंय ते. साहेबानं विचारलं, आतून कुजलाय हे तुम्हाला कळत होतं का? मी म्हणाले, पीळ उकलला की डोळ्याला कळतं, नाकाला त्याच्या आधीच कळतं. आमदारांना हे माहीत होतं का? मी म्हणाले, विद्या त्यांची, हात माझा. त्यांना बोलवा आणि विचारा. मागे खुर्ची करकरली.

"तो माणूस प्यालेला होता का?"

याचं उत्तर तुम्हालाही माहीत नाही. मी तुम्हाला सोळा तारखेलाही लिहिलं नव्हतं. लिहायला बसले होते, पण लिहिलं नाही. तीन तारखेला सकाळी साडेसातला दोर न्यायला रंगारी स्वतः आला होता. माझ्यापासून दोन हातांवर उभा होता. अंगाला साबणाचा वास, भांग काढलेला, सदऱ्याच्या खिशात ब्रश. एखाद्या मोठ्या कामाला निघालेल्या माणसासारखा. त्यानं दोर खांद्यावर घेतला, एक टोक चाचपलं आणि मला विचारलं, "मालकीणबाई, दोर चांगला आहे ना? उंच चढायचंय." आणि मी म्हणाले, "आमदारांचं काम आहे. वाईट देईन का?"

तो माझ्या शब्दावर चढला.

हे मी खोलीत मोठ्यानं सांगितलं. साहेब म्हणाला, "हे तुमच्यावर येईल. कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय. चौथीत एवढं शिकवतात."

कागद माझ्यासमोर आला. मी बोट ठेवून वाचला, सगळे ताटकळत बसले, बसू दिले. एका ठिकाणी "दोर जुना असावा" असं लिहिलं होतं. मी म्हणाले, हे खोडा. जुना नाही, कुजलेला. असावा नाही, होता. त्यानं खोडून लिहिलं. मग सही केली.

तिथून दवाखान्यात गेले. फळं नेली नाहीत. रंगारी जागा होता, तोंड भिंतीकडे. मी नाव सांगितलं तेव्हा इकडे वळवलं. मी उभ्या उभ्याच सांगितलं. तू प्यालेला नव्हतास. दोर आतून कुजलेला होता आणि मला माहीत होतं. तू मला विचारलं होतंस, मी खोटं बोलले. चौकशीत लिहून दिलंय.

"विचारलं होतं मी?" तो म्हणाला.

"विचारलं होतंस. टोकही चाचपलं होतंस."

तो छताकडे बघत म्हणाला, "म्हणजे मी नीट बघूनच चढलो होतो." मला नाही, स्वतःलाच म्हणाला. पुन्हा एकदा म्हणाला. मला शिवी दिली नाही, माफही केलं नाही. मी तिथं आहे हेच तो विसरला असावा.

त्याची बायको दारात बसलेली होती. सगळं ऐकलं होतं तिनं. मी बाहेर पडताना ती उठली. मला वाटलं आता ओरडेल, निदान तोंड तरी फिरवेल. तिनं माझ्याकडे सरळ बघितलं आणि विचारलं,

"एकवीस दिवस लागले तुम्हाला?"

मी उभी राहिले. सत्तावीस वर्षं दुकानात बसलेय, गिऱ्हाइकाला उत्तर नाही असं कधी झालं नव्हतं. ती वाट बघत होती, खरोखर वाट बघत होती, आणि मी तशीच जिना उतरून आले.

साहेबानं तुम्हाला एकतीस तारीख दिलीय. तोपर्यंत अठ्ठावीस दिवस होतील. ती तुम्हालाही विचारणार आहे.